पोस्टकार्डावरचे मैल

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं.

"ही बघा. केसाएवढी रेघ. दिसते?"

रुपरावला रेघ दिसली नाही. त्याला आपल्या पायाचं हाड दिसलं. काळ्या पाण्यात कोणी सोललेली काडी उभी धरावी तसं पांढरं, एकटं. अडतीस वर्षं या हाडावर तो उभा होता आणि आज पहिल्यांदा दोघांची भेट होत होती.

"पडलात का कुठं?"

"नाई जी."

"काही लागलं? पाइप वगैरे पडला पायावर?"

"नाई. पयतो मी."

"कुणाच्या मागे?" डॉक्टर पुण्याकडचे, कॉलनीच्या दवाखान्यात येऊन त्यांना सहा महिने झाले होते. ते हसले. रुपराव हसला नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रोज किती पळता?"

"सहा मैल. आठ मैल. इतवारी चौदा, सोळा."

"अन् हे पायात घालून?" त्यांनी त्याच्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. तळ झिजला तसा रुपरावनं त्यांना ट्रकच्या टायरचा तुकडा ठोकून घेतला होता. "आठ आठवडे पळणं बंद. चालणंसुद्धा कामापुरतं."

"सव्वीस जानेवारीले दौड आहे जी."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. डिसेंबर ब्याऐंशीची दहा तारीख होती. "साडेसहा आठवडे होतात. यंदा नाही. हे बघा, आत्ता शांत बसलात तर चीर भरून येईल, पुढच्या वर्षी खुशाल पळा. तिच्यावरच पळत राहिलात, तर पळणं हा शब्द विसरायचा. कायमचा. समजलं?"

"हाव जी," रुपराव म्हणाला. त्याला समजलं होतं.

कोराडीच्या थर्मल वीजकेंद्रात तो राख विभागात होता. कोळसा जळून उरते ती राख पाण्यात कालवून पाइपांमधून दूरच्या बांधापर्यंत पोचवायची, पाइप तुंबला तर मोकळा करायचा, हे त्याचं काम. कॉलनीत एका खोलीचं क्वार्टर होतं. लग्न झालं होतं त्याचं. कौशल्या दोन वर्षं राहिली, मग माहेरी गेली ती गेलीच. भांडण झालं नव्हतं. भांडायला बोलावं लागतं, आणि रुपरावला बोलणं जमत नसे. दिवसभरातली त्याची वाक्यं दोन्ही हातांच्या बोटांत मावली असती.

त्याला पळणं जमत होतं, आणि पळताना मार्तंड जमत होता. मार्तंड कोळशाच्या यार्डात क्रेन चालवायचा. मोठ्या आवाजाचा, उंच, गुडघ्यांशी बाकदार माणूस. सात वर्षं दोघं पहाटे पाचला गेटापासून निघत. मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे लागले होते, तरी दोघं मोजत ते मैलच. मार्तंड पहिल्या मैलात जगाची चौकशी करून घेई, दुसऱ्या मैलापासून त्याचीही बोलती बंद होई. मग अंधारात फक्त पावलं वाजत. चार पावलं, एक ठेका. दोन बायांनी एकाच जात्याच्या खुंट्याला हात लावावा आणि ओझं कोणाच्या हाताला किती ते कळू नये, तसं ते पळणं होतं. रुपरावच्या आयुष्यात सोबत म्हणून जे काही आलं ते एवढंच. त्याला ते पुरत होतं.

अडीच वर्षांपूर्वी मार्तंडची भुसावळला बदली झाली. जाताना ट्रकवर सामान चढवता चढवता तो म्हणाला, "तू इथी पाचले निघजो, मी तिथी पाचले निघतो. मधात आख्खं वऱ्हाड असलं म्हनून काय झालं गा? टाइम तं एकच आहे ना!"

आणि दर रविवारी एक कार्ड. कार्डावर खुशाली नाही, हवापाणी नाही. नुसते आठवड्याचे आकडे: सो ६, मं ८, बु ५, गु १०, शु ६, श आराम, र १४. खाली: पाय बरे. तुझा मा.

रुपराव ती कार्डं दाराजवळच्या तारेत खुपसून ठेवी. मार्तंडनं दहा लिहिले की पुढच्या आठवड्यात हा अकरा पळे. पाच वाजता दाराला कडी घालताना त्याला वाटे, तिकडे भुसावळलाही आत्ता एक कडी वाजली. वाटेवर तो डावीकडे सरकून पळे. उजवीकडे माणसाएवढी जागा मोकळी ठेवून.

डॉक्टरांकडून आला त्या रविवारी रुपराव कार्ड घेऊन बसला. दवाखान्यात जाण्याआधीपासून, आठवडाभर तो घरी पडून होता. वीट तापवून पाय शेकला होता, हळद-तेल चोळलं होतं, आणि गेटासमोर चहाची टपरी असलेल्या बायजाबाईनं दिलेली रुईची पानं तव्यावर गरम करून पायाच्या नळीवर बांधली होती. दुखणं खाली बसलं होतं, पण पहाटे पाचला डोळे उघडत ते उघडतच. छताकडे पाहत पडलं की तिकडे मार्तंड एकटाच पळतोय असं वाटे, आणि आपण त्याला अर्ध्या वाटेत सोडून आलो असं वाटे.

कार्डावर सात शून्यं लिहायची होती. मार्तंडचं कार्ड कालच आलं होतं. आकड्यांखाली या वेळी एक ओळ जास्त होती: २६ ला येतो. दोघांचं नाव दिलं आहे. सोबत पळू.

रुपरावनं बराच वेळ पेन धरलं. मग लिहिलं: सो ६, मं ७, बु ६, गु १०, शु ५, श आराम, र १५. पाय बरे.

कार्ड पेटीत पडल्याचा आवाज झाला आणि त्याला आपण घाणेरडं काहीतरी केल्यासारखं वाटलं. सात वर्षांत त्यानं मार्तंडला पाऊलभरही फसवलं नव्हतं. दगडाला हात लावल्याशिवाय मागं फिरला नव्हता. आता ते खोटं खरं करण्याची एकच वाट होती, आणि ती वाट त्याला रोजच्या कामातून माहीत होती.

राखेचा बांध. वाळून गेलेल्या जुन्या भागावर राख घोट्याएवढी साचलेली असे. पिठासारखी, गादीसारखी. पाइप पाहायला तिथं चालताना कधी तळव्याला खडा टोचला नव्हता. डांबर पायाला उलटं मारतं, राख पायाला आत घेते. रुपरावला वाटलं, आजारी हाडाला याहून चांगली जागा कुठली?

सोमवारी पाचला तो बांधावर चढला. दबकत शंभर पावलं पळाला. दुखलं नाही. मग हजार. आठवडा संपेपर्यंत दोन मैल झाले, नाताळापर्यंत पाच. हाड मुकं झालं होतं. मुकं म्हणजे बरं, असं तो धरून चालला.

एकच गोष्ट त्याला तिथं खटकत होती. राखेत पाऊल वाजत नसे. चार पावलांचा ठेका गेला, तेव्हा दोन पावलांचा उरला होता. आता तोही नाही. खाली राखाडी, वर राखाडी, चिमण्यांमधून निघणारा धूरही त्याच रंगाचा. आपण पळतो आहोत की नाही हे पाहायला त्याला मागं वळून आपल्या खुणा बघाव्या लागत. आणि वारं सुटलं की त्या खुणाही बुजत.

"भूत झाला का गा तू?" बायजाबाई टपरीवर म्हणाली. "पाय तं पाह्य सोताचे. मसानातून उठून आल्यावानी."

"चहा दे वं बाई."

"देतो. डॉक्टरनं बसाले सांगतलं ना तुले? आख्ख्या कॉलनीले मालूम आहे."

"बसलो तं आंग आखडते."

"मंग बायकोले आन जाऊन. तिच्यासंगं भांडत जाजो. आंगही मोकयं होते अन् तोंडही." तिनं कपात चहा ओतला. "मले एक सांग, रोज पयत जातेस अन् रोज इथीच येतेस. फायदा काय झाला?"

रुपरावनं विचार केला. "सव्वीसले मार्तंड येऊन राहिला," तो म्हणाला.

बायजाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. असा चेहरा तिनं या माणसाचा कधी पाहिला नव्हता. तिनं कपात वरून आणखी थोडा चहा घातला.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी थर्मलच्या गेटाशी साठ-सत्तर पोरं जमली होती. शहरातल्या एका व्यायामशाळेनं भरवलेली दौड. गेटापासून कस्तुरचंद पार्कपर्यंत, जवळपास नऊ मैल. कोणी उड्या मारत होतं, कोणी मांड्यांना तेल चोळत होतं. रुपराव छातीवर शेहेचाळीस नंबर लावून त्या गर्दीत एक उंच, बाकदार, चड्डीतला माणूस शोधत होता.

"रुप्या! अबे रुप्या!"

आवाज ओळखीचा होता. माणूस ओळखायला वेळ लागला. फुल पँट, मफलर, पोट सुटलेलं, पायात मोज्यांवर जाड तळाच्या सँडल. चालताना एक खांदा खाली जात होता. हातात सत्तेचाळीस नंबरचं कापड.

"रात्रीच्या गाडीनं आलो. ऊन लागून राहिलं का थंडी, समजूनच नाई राहिलं." मार्तंडनं त्याचे दोन्ही दंड धरले. "वा रे पठ्ठे! वाळला गा तू!"

"कपडे बदल ना. पंधरा मिनिटं राहिले."

मार्तंडचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. त्यानं सँडलचा पट्टा काढला आणि पाय थोडा पुढे केला. मोज्याचं टोक पुढच्या बाजूला रिकामं लोंबत होतं.

"अंगठा अन् त्याच्या बाजूचं. दोन गेले."

"कवा?"

"दोन साल होतीन फागुनात. जोडा लागला होता, फोड आला. म्या म्हटलं, फोड तं आपल्याले येतच राहते. पयत राहिलो त्याच्यावर. मंग काया पडला. मंग शुगर निघाली. डॉक्टर म्हने, बोटं देता का पाय देता? म्या म्हटलं, बोटं घ्या साहेब, पाय माह्या दोस्ताच्या कामाचा आहे." तो हसला. एकटाच हसला.

"मंग कार्डं?"

मार्तंडनं पट्टा पुन्हा लावला. त्याला वेळ लागत होता. खाली पाहतच तो बोलला. "पयलं कार्ड दवाखान्यातूनच लिवलं. म्हटलं, एक हप्ता खोटं लिवतो, मंग खरं सांगतो. तं तुयं कार्ड आलं. इतवारी सोळा. पलंगावर पडून वाचलं म्या ते. अन् काय सांगू गा, पिंडऱ्या भरून आल्या माह्या. मीच सोळा पयलो असं वाटलं. मंग कसं सांगू? सांगतलं असतं तं तू लिवनं बंद केलं असतं. खुशाली इचारली असती. मले खुशाली नोको होती. दौडीत नाव देलं तेबी खोटंच, पन हे सांगाचं तं तुह्यासमोर येऊनच होतं."



"घरवालीले, शोभाले, वाचून दाखवतो दर हप्त्याले," मार्तंड म्हणाला. "ती म्हनते, तुमचे रुपराव थकत नाई का हो? म्या म्हनतो, नाई वं. त्याची नळी लोखंडाची आहे."

दोन वर्षांच्या पहाटा रुपरावच्या डोळ्यांसमोरून गेल्या. पाच वाजताच्या कड्या, उजवीकडे ठेवलेली माणसाएवढी जागा, दहाला उत्तर म्हणून पळालेले अकरा. त्या सगळ्या पहाटा आता मागच्या मागे एकट्या झाल्या. तेव्हा ज्या एकट्या नव्हत्या, त्यासुद्धा.

त्याच्या जिभेवर एक वाक्य आलं. म्याबी सहा हप्ते खोटंच लिवलं गा. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. दोघं बरोबरीला आले असते, बायजाबाईच्या टपरीवर बसले असते, मार्तंडनं पाठीत धपाटा घातला असता. डॉक्टरांची चीरही शांत बसली असती.

पण मार्तंड त्याच्या पायांकडे पाहत होता. घोट्यांकडे, पिंडऱ्यांकडे, बुटांना ठोकलेल्या टायरकडे. आपल्या वावरातलं उभं पीक कडेच्या धुऱ्यावरून पाहावं तसा. हे वाक्य ऐकलं तर या माणसाचे नुसते सहा आठवडे खोटे ठरणार नव्हते. त्याचं दोन वर्षांचं पळणंच जाणार होतं.

रुपरावनं स्वेटर काढला आणि त्याच्या हातात दिला.

"बसनं पुढं जा. पार्कात भेटजो."

"किती वेळात येशीन?"

"तू पोचला का येतो."

शिट्टी झाली.

पहिल्या मैलातच डांबरानं सांगून टाकलं. राखेनं सहा आठवडे जे झाकून ठेवलं होतं ते दर पावलागणिक बाहेर येऊ लागलं. आधी टोचणी, मग सुरी. रुपरावनं पाऊल बदलून पाहिलं. टाच आधी, मग चवडा आधी. कडेच्या मातीवर उतरला, तिथं खडे होते. तो पुन्हा वर आला. पोरं पुढं गेली. तिसऱ्या मैलापर्यंत घाम डोळ्यांत उतरला आणि दुखणं एका ठेक्यात बसलं. ठेक्यात बसलेलं दुखणं सोसता येतं, हे त्याला ठाऊक होतं. थांबायचं नाही एवढंच.

मानकापूरचं रेल्वे फाटक बंद होतं.

कोळशाची मालगाडी होती. त्याच्याच थर्मलची असावी. मागं पडलेली आठ-दहा पोरं फाटकाशी जागेवर उड्या मारत उभी होती. रुपरावनंही जागेवर पावलं उचलली. एक, दोन. तिसऱ्याला पाय खाली टेकवेना. डबे एकामागून एक जात राहिले. त्यानं फाटकाच्या दांड्याला धरलं. नळी गार होत गेली आणि गार होता होता हाताला लागेल अशी सुजली.

फाटक उघडलं तेव्हा पोरं सुटली. रुपराव चार पावलं पळाला आणि आतून काहीतरी बारीक, कोरडं वाजलं. वाळलेली तुरीची काडी मोडते तेवढंच. रस्त्यावर कोणाला ऐकू आलं नसतं.

पुढचे चार मैल त्याला नीट आठवत नाहीत. छावणीजवळ शाळेची मुलं झेंडे घेऊन परतत होती. सदरमध्ये एका दुकानदारानं त्याला पाणी दिलं आणि "बैठ जाओ भाई" म्हणाला. तो बसला नाही. कुंपणांना, खांबांना, उभ्या सायकलींना हात लावत तो जात राहिला. जिथं माणसं होती तिथं पळाला, जिथं नव्हती तिथं चालला.

पार्कात पोचला तेव्हा मांडव सोडत होते. खुर्च्या हातगाडीवर चढल्या होत्या. बक्षिसं वाटून झाली होती. शेवटाची चुन्याची रेघ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी कधीच पुसली गेली होती. त्या जागी मार्तंड एकटा उभा होता, स्वेटर खांद्यावर टाकून. दुरून रुपरावला पाहताच त्यानं सँडलच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली, वाकडीतिकडी, आणि बाजूला सरकून दोन्ही हात वर केले.

मार्तंडला पाहिलं आणि रुपराव पळाला. शंभर पावलं. रेघ ओलांडली.

"शाबास! शाबास रे!" मार्तंड ओरडला. मग तो खाली पाहू लागला. "पाय काहून ओढून राहिला गा?"

"वात आला. फाटकापाशी थांबलो ना, गार पडला."

"मिठाचं पानी पेजो. अन् शेकजो. तुले काय सांगा लागते?"

"हाव."

दोघांनी एका हातगाडीवरचे पोहे खाल्ले. मार्तंडची गाडी दुपारची होती. रस्त्यावर सायकल-रिक्षा ठरवली, आधी मार्तंडनं दुखरा पाय वर घेतला, मग उरलेलं शरीर. बाजूची जागा त्यानं हातानं झटकली.

"बस. टेशनावरून मंग बस पकडजो."

"नाई. मी जातो पायी. आंग मोकयं करत."

"नऊ मैल पयून अजून आंग मोकयं?" मार्तंड रिक्षावाल्याला म्हणाला, "देख रहे हो भैया? ये आदमी थकताच नहीं." मग त्याचा आवाज खाली आला. "सोमवारी किती?"

"सोमवारी आराम," रुपराव म्हणाला. "मंगळवारी सहा."

"बरोबर. पयल्या हप्त्यात जास्त नोको."

रिक्षा निघाली. मार्तंडनं टप मागं सारला आणि वळून बसला. हात हलवत तो याच्याकडे पाहत राहिला. रुपरावही वळला आणि पळू लागला, सावकाश, रस्त्याच्या कडेनं, कोराडीच्या दिशेला. पाठीवर ती नजर असेपर्यंत पळायचं होतं. पार्काचं कुंपण बाजूनं सरकत होतं. दहा पावलं झाली, वीस झाली. मागं रिक्षाची घंटी वळणावर वाजली, दुसऱ्यांदा बारीक वाजली, मग बंद झाली.

रुपराव थांबला. कुंपणाचा लोखंडी गज त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि दुखरा पाय उचलून घेतला. रस्त्यावरून माणसं जात होती. त्यांना तो कोणाची तरी वाट पाहत उभा असल्यासारखा दिसला असेल. बराच वेळ तो तसाच राहिला, एका पायावर. मग गज सोडण्याआधी त्यानं पुढचा खांब कुठं आहे ते पाहिलं, आणि त्याच्यापर्यंतची पावलं मोजली.